ते पांढरं

काटा खोटा असेल, ही शक्यता निरीक्षकांनी सगळ्यात आधी तपासून पाहिली.

इस्पितळात चाकाच्या खुर्चीसकट वजन करायची सोय होती. रुग्णाला खुर्चीत बसवायचं, खुर्ची काट्यावर चढवायची, आलेल्या आकड्यातून खुर्चीचं वजन वजा करायचं, उरेल तो रुग्ण. महिन्यापूर्वी, मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, निरीक्षकांची बायको एकोणसाठ किलो सहाशे ग्रॅम उरली होती. आज पंचावन्न किलो चारशे उरली. निरीक्षक डॉक्टरांच्या देखत गुडघ्यांवर बसले आणि काट्याच्या मागे डोकं घालून तपासणीचा शिक्का शोधू लागले. दुकानादुकानांतली वजनमापं तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी काटा दिसला की गुडघे आपोआप वाकत. शिक्का याच वर्षीचा होता. मग त्यांनी खुर्ची रिकामी चढवून बघायची विनंती केली. खुर्चीही प्रामाणिक निघाली.

“काटा बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “बाईच कमी झाल्यात.”

जखम भरायला अन्न लागतं, आणि अन्न पोटात जात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या गुरुवारी आकडा आणखी खाली आला तर पुन्हा दाखल करून नळीने अन्न द्यावं लागणार होतं.  परतीच्या वाटेवर, घराच्या वळणावर, गाडीत बायकोने विचारलं, “अहो, ती नळी कुठून घालतात?” निरीक्षकांना ठाऊक होतं. माहीत नाही, असं ते म्हणाले.

त्यांना खुपत होतं ते वेगळंच. वाण्याचं सात ग्रॅमनी हलकं वजन त्यांनी रस्त्याच्या पलीकडून ओळखलं होतं, आणि स्वतःच्या घरातून चार किलो दोनशे ग्रॅम त्यांच्या नाकाखालून निघून गेले होते.

तेव्हापासून त्यांनी वही सुरू केली. बायकोला दिलेली प्रत्येक ताटली स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर आधी ठेवायची, तिने परत केली की पुन्हा ठेवायची, फरक लिहायचा. शुक्रवार सकाळ, एकोणतीस ग्रॅम. शुक्रवार दुपार, एक्केचाळीस. शनिवार सकाळी सूप, बावीस. बायकोला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती म्हणाली, एवढं तपासताय तर पास किती ग्रॅमला ते तरी सांगा. औषधांनी तोंडाची चव गेली होती, प्रत्येक घास पुठ्ठ्यासारखा लागत होता, त्याला ती तरी काय करणार. पण रविवारी सकाळी पडल्या पडल्या ती आपणहून म्हणाली, “काकडी-कोबीवर ते पांढरं घालून दिलंत, तर बघते.”

‘ते पांढरं’ म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चौतीस वर्षं दर रविवारी कापलेल्या भाज्यांवर ती एक दाट, सायीसारखं, किंचित झोंबरं असं काहीतरी घालत आली होती, आणि निरीक्षक ते चौतीस वर्षं वाटी पुसून खात आले होते. पण ज्याला नाव नाही ती वस्तू निरीक्षकांच्या लेखी अर्धवट होती. ‘मूठभर’, ‘जरासं’, ‘अमळ’ या शब्दांशी त्यांचं नोकरीपासून वैर होतं. त्यांनी विचारलं, त्याला नक्की म्हणायचं काय. ती म्हणाली, ते पांढरं. कसं करायचं, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “त्यात काय एवढं, मोजून घातलं की झालं.”

“करा मग,” ती म्हणाली. या दोन शब्दांत चौतीस वर्षांचा संसार होता, आणि आता माघार घ्यायला जागा नव्हती.

खरं तर त्यांनी आधी पळवाट शोधली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पांढऱ्या मालाची बाटली तयार मिळत होती. हा वाणी तोच, ज्याचा काटा निरीक्षकांनी अकरा वर्षांपूर्वी सात ग्रॅमसाठी जप्त केला होता. तेव्हापासून तो त्यांना प्रत्येक वस्तू दोन काट्यांवर मोजून देई, बंद पुडे आणि बाटल्यासुद्धा, आणि दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं तोवर शांतपणे उभी राहत. बाटलीवर लिहिलं होतं ‘सॅलड ड्रेसिंग’. निरीक्षकांना एकदम बरं वाटलं. वस्तूला अधिकृत नाव होतं. त्या क्षणापासून त्यांच्या तोंडी तिचं नाव ड्रेसिंग झालं. दर तिसऱ्या दिवशी एक सिस्टर घरी येत, बायकोच्या मांडीवरची पट्टी बदलत, आणि त्यालाही घरात सगळे ड्रेसिंगच म्हणत, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. एकाच दुकानात एका नावाची दोन मापं सापडली असती तर त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला असता.

बायकोने बाटलीतलं बोटाच्या टोकावर घेतलं, जिभेला लावलं आणि बोट पुसून टाकलं. “हे दुकानाचं आहे,” ती म्हणाली आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

म्हणजे मुळापासून करणं आलं. सोमवारी सकाळी निरीक्षकांनी तिची स्वयंपाकाची वही उघडली. तिसऱ्या पानावर, तेलाच्या डागाखाली, मजकूर होता तो असा: ‘उकडलेलं पिवळं चाळून. वाटलेली मोहरी. तेल मावेल तेवढं. साय. लिंबू शेवटी, साय रुसणार नाही इतकं. मीठ.’

निरीक्षकांनी हे पाच वेळा वाचलं. चाळायचं कशाने, मोहरी किती, याचा पत्ता नव्हता, पण त्याचं काहीतरी करता आलं असतं. ‘मावेल तेवढं’ मात्र त्यांच्या गळी उतरलं नाही. मावेल म्हणजे कशात? भांड्यात? भांडं दीड लिटरचं होतं. असा मजकूर एखाद्या कारखान्याने पाकिटावर छापला असता तर त्यांनी पाकिटं परत मागवली असती.

पहिला प्रयत्न त्यांनी शास्त्रशुद्ध केला. दोन अंड्यांचं पिवळं, चौतीस ग्रॅम. मोहरी सहा ग्रॅम. तेलाचा आकडा नव्हता, म्हणून तो त्यांनी ठरवला: दीडशे मिलिलिटर. सगळं मोजून, एका ओळीत वाट्यांत मांडून, त्यांनी मिक्सरच्या भांड्यात एकदम ओतलं आणि बटण फिरवलं. बटण बंद केलं तेव्हा तळाशी ओल्या वाळूसारखा चोथा होता आणि वर बोटभर उंचीचा पिवळा तेलाचा थर शांतपणे पहुडला होता. प्रत्येक पदार्थ मापाप्रमाणे भांड्यात हजर होता. फक्त कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळी इमारत त्यांना रसायनबाई म्हणे. शाळेत त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि जिन्यात अजूनही शिकवत. निरीक्षक भांडं घेऊन त्यांच्या दारात गेले. बाईंनी आत न डोकावता, वासावरून निदान केलं. तेल आणि पाणी यांचं जमत नाही, मधे पडणारा कुणीतरी लागतो, तो मधला म्हणजे पिवळं; पण मधे पडणाऱ्यालाही वेळ द्यावा लागतो, एकदम सगळं त्याच्या अंगावर टाकलं की तो हात वर करतो. तेल थेंबाथेंबाने घाला, असं सांगून त्या क्लासला निघाल्या. निरीक्षकांनी जिन्यात ओणवून विचारलं, थेंब मिनिटाला किती. बाई उतरता उतरता म्हणाल्या, साठ धरा, सलाईनसारखं.

उपमा द्यायची ती माणूस बघून द्यावी. इस्पितळातून आणलेल्या औषधांच्या पिशवीत सलाईनचा एक नवा, न फोडलेला संच शिल्लक होता. निरीक्षकांनी तो फोडला. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती ओट्यावरच्या कपाटाच्या मुठीला उलटी टांगली, तिच्यात तेल भरलं, नळी मिक्सरच्या झाकणाच्या भोकात सोडली, चाकाने धार बारीक केली आणि घड्याळ हातात धरून थेंब मोजायला सुरुवात केली. यंत्र इतकं नेमकं झालं होतं की क्षणभर त्यांना आपल्या निवृत्तीचं वाईट वाटलं. पण पाणी गळतं तसं तेल गळत नाही. मिनिटाला चार थेंब पडायचे. निरीक्षकांनी चिकाटी सोडली नाही. अडीच वाजले, मिक्सर चालूच होता, आणि दारावर थाप पडली.

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सचिव राहत. दुपारी दोन ते चार इमारतीत शांतता पाळायची, हा नियम त्यांनीच केला होता आणि तो मोडला की त्यांच्याइतका अस्वस्थ दुसरा कुणी होत नसे. ते चांगुलपणाने म्हणाले, कारण असेल तर परवानगी मिळेल, पण लेखी अर्ज द्या. तोंडी परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील. यात गैर काय होतं? निरीक्षकांनी स्वतः आयुष्यभर हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. बोलून आत येईपर्यंत नळीचं चाक आपलं आपण सैल झालं होतं आणि अर्धी बाटली भांड्यात रिकामी झाली होती. घाईत त्यांनी साय ओतली, पाठोपाठ मोजलेलं सगळं लिंबू ओतलं, आणि साय रुसली. रुसली म्हणजे काय होतं ते त्यांना आता कळलं: पांढऱ्या गाठी एकीकडे, पाणी दुसरीकडे.

आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, काय चाललंय. निरीक्षक म्हणाले, होतंय.

मग ते टेबलाशी बसले आणि त्यांनी अर्ज लिहिला. लेखी मजकुरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

‘विषय: पत्नीचे ड्रेसिंग घरच्या घरी करण्याकरिता शांततेच्या वेळेत मिक्सर वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, माझ्या पत्नीची प्रकृती नाजूक असून तिला बाहेरचे ड्रेसिंग चालत नाही. सबब ते मी स्वतः करीत आहे. आज सकाळपासून ड्रेसिंग दोन वेळा फुटले. पहिल्या वेळी वर पिवळा थर आला. दुसऱ्या वेळी गाठी होऊन पाणी सुटले. तिसरा प्रयत्न आजच करणे निकडीचे असून त्यासाठी मिक्सर किमान पंचवीस मिनिटे चालवावा लागेल. पत्नीस याची पूर्ण कल्पना दिलेली नाही. तरी सहकार्य व्हावे.’

सचिवांनी अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि मग वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. ‘मिक्सर’ या शब्दापाशी ते बराच वेळ थांबले असावेत. मग खालच्या फलकावर तातडीचे फोन नंबर लावलेले होते, तिथे जाऊन त्यांनी ड्रेसिंगवाल्या सिस्टरांना फोन लावला आणि सांगितलं की ताबडतोब या, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, जखम चिघळलीय आणि बाईंना काहीच माहीत नाही.

सिस्टर दोन गल्ल्या पलीकडे राहत. दहाव्या मिनिटाला त्या बॅग घेऊन दारात होत्या, मागे सचिव, आणि त्यांच्या मागे, क्लासहून नुकत्याच परतलेल्या आणि काहीतरी झालंय एवढंच कळलेल्या रसायनबाई. निरीक्षकांचे हात कोपरापर्यंत तेलकट होते आणि शर्टावर पिवळे डाग होते. सिस्टरांची नजर त्यांच्यावरून स्वयंपाकघरात गेली. कपाटाच्या मुठीला सलाईन लटकत होतं, त्यातून पिवळे थेंब गळत होते.

“हे कुणी लावलं?”

“मी.”

“कुणाला?”

“ड्रेसिंगला,” निरीक्षक म्हणाले.

सिस्टर पुढे काही न विचारता सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी चादर बाजूला केली. पट्टी कोरडी होती, स्वच्छ होती, काल त्यांनीच बांधली होती तशीच्या तशी. त्या बाहेर आल्या आणि हात पुढे केला. सचिवांनी अर्ज दिला. सिस्टरांनी तो मोठ्याने वाचला, कारण बॅग काखेत असताना त्यांना मनात वाचायची सवय नव्हती. ‘पत्नीस याची पूर्ण कल्पना दिलेली नाही’ इथपर्यंत आल्या तेव्हा रसायनबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि क्षीण आवाजात सांगितलं की अहो, ते काकडीवर घालायचं ड्रेसिंग, मीच थेंब सांगितले होते.

निरीक्षक ताठ उभे होते. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही अहवालातला एकही शब्द कुणाला दुसऱ्या अर्थाने वाचता आला नव्हता. वस्तूला नेमकं नाव दिलं, आणि त्या नेमकेपणानेच घात केला. ‘ते पांढरं’ म्हटलं असतं तर सिस्टर आपल्या घरी निवांत बसल्या असत्या. ते हा विचार करत असतानाच आतून एक आवाज आला. खोकला असावा असं वाटून ते दाराकडे वळले. खोकला नव्हता. बायको हसत होती. पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी मांडी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. हा आवाज ओळखायला त्यांना इतका वेळ लागला, याचीच त्यांना लाज वाटली. महिनाभर तो घरात नव्हता.

सचिवांनी एक अडचण तेवढी मांडली. अर्जाला आवक क्रमांक पडला होता, तो तसा सोडता येत नव्हता. निरीक्षकांनी उभ्या उभ्या खाली लिहून दिलं: ‘उपरोक्त ड्रेसिंग हे खाण्याचे असून लावण्याचे नाही. अर्ज मागे घेत आहे.’ सिस्टरांनी जाता जाता सलाईनचा संच काढून आपल्या बॅगेत टाकला आणि साहेबांना सांगितलं की हत्यारं हाताशी ठेवायच्या लायकीचे तुम्ही नाही. मग सगळे गेले.

“अहो,” आतून हाक आली, “ते पांढरं इकडे घेऊन या. राहिलंय का काही?”

दोन उकडलेली अंडी उरली होती आणि तीन चमचे साय. यानंतर बिघडवायला काही नव्हतं. निरीक्षकांनी सगळं ताटात घेतलं आणि तिच्या पलंगाशी स्टुलावर बसले.

“काटा आणा,” ती म्हणाली.

ते उठले आणि वजनाचा काटा घेऊन आले. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “तो नव्हे हो. चमच्याशेजारचा.”

त्यांनी जेवणाचा काटा आणला. मिक्सर नको का, असं त्यांनी विचारलं. तिने विचारलं, “या घरात रविवारी मिक्सर ऐकलात कधी?” निरीक्षक आठवू लागले आणि त्यांना वेगळंच आठवलं. रविवारी ते पुढच्या खोलीत पेपर वाचत, आणि स्वयंपाकघरातून वाटीवर काटा फिरल्याचा बारीक, भरभर आवाज येत राही. तो थांबला की जेवायला बसायचं, एवढं त्यांना नकळत माहीत होतं. महिनाभर तो आवाज बंद होता, आणि घर इतकं गप्प का वाटतंय याचं कारण ते औषधांत शोधत होते.

तिने डोकं उशीवर टेकलं आणि डोळे मिटले. पिवळं चमच्याच्या पाठीने चाळणीतून घासायला लावलं. मोहरी. मग काटा फिरवा, म्हणाली, आणि तेलाचा एक थेंब. निरीक्षकांनी थेंब टाकला. काटा वाटीवर खडखडत होता. दुसरा थेंब. तिसरा. ती बघत नव्हती, ऐकत होती. “हं,” म्हणाली की थेंब पडे, गप्प राहिली की नुसता काटा फिरे. मनगट दुखू लागलं. साधारण दहाव्या मिनिटाला खडखड जरा बसल्यासारखी झाली. तिने ‘हं’ म्हणायच्या आधी निरीक्षकांनी धार सोडली आणि तिने डोळे न उघडता मान हलवली. आवाज हळूहळू जड होत गेला, वाटी जणू कुणी आतून गादीने मढवली.

“आता पुरे.”

“अजून पासष्ट मिली उरलंय,” निरीक्षक म्हणाले.

“उरू दे. त्याला मावलं तेवढं त्याने घेतलं.”

साय तिने अर्ध्या अर्ध्या चमच्याने घालायला लावली. लिंबाच्या वेळी मात्र डोळे उघडले, तीन थेंबांवर त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वाटीत काय होतं त्याला निरीक्षकांनी कुठलंही नाव दिलं नाही. ते पांढरं होतं.

काकडीची पहिली फोड तिने खूप वेळ तोंडात घोळवली. निरीक्षक तिच्या गळ्याकडे बघत होते. “मीठ विसरलात,” ती म्हणाली. तिला मीठ कळलं होतं. त्यांनी धावत जाऊन मीठ आणलं आणि तिने दुसरी फोड उचलली, मग कोबी, मग पुन्हा काकडी. मधेच ती पुटपुटली, ‘ड्रेसिंगला’, आणि तिला पुन्हा हसू आलं. ताटलीत थोडं उरलं तेव्हा ती म्हणाली, संध्याकाळी खाते, आणि तिचा डोळा लागला.

निरीक्षकांनी सवयीने ताटली काट्यावर ठेवली, वही उघडली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आज त्यांनी आधी वजन केलंच नव्हतं. आकडा निघणं शक्य नव्हतं. त्यांनी पेन्सिल हातात घेतली. मग त्यांनी लिहिलं, ‘मावेल तेवढं’. वाचून पाहिलं. काळ चुकला होता. ‘मावेल’ खोडून त्यांनी स्वच्छ अक्षरात वर ‘मावलं’ केलं.

गुरुवारी इस्पितळात खुर्ची काट्यावर चढली. खुर्ची वजा जाता पंचावन्न किलो साडेपाचशे. आकडा खाली आला नाही, नळी नको, असं डॉक्टरांनी लिहिलं. पण दीडशे ग्रॅम म्हणजे काही फार नाही, असंही ते म्हणाले. निरीक्षकांचे गुडघे वाकले नाहीत. ते बायकोच्या खुर्चीची मूठ धरून उभे राहिले. सात ग्रॅमसाठी काटे जप्त केलेल्या माणसाला दीडशे ग्रॅम म्हणजे किती, हे डॉक्टरांना कुठून समजावत बसणार.